आधी तारीख, मग छपाई

माणगावच्या बाजारात शेती अवजारांच्या एका दुकानाबाहेर मी ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं. सुपारी सोलायचं, पायानं चालणारं. माझं यंत्र हिरवं असतं, हे नारिंगी होतं. बाकी अँगलची जाडी, पॅडलची लांबी, जबड्याचे दात सगळं माझंच. मी खाली बसून मागचा उजवा पाय पाहिला. जमिनीपासून चार बोटं वर एक भोक होतं.

त्या भोकाचा काहीच उपयोग नाही. पहिलं यंत्र बनवताना माझं ड्रिल चुकीच्या जागी लागलं. पुढे त्याच पायावरून जिग म्हणजे साचा केला, म्हणून ते भोक माझ्या प्रत्येक यंत्रात आलं. ज्यानं ही नक्कल केली त्यानं माझी चूकसुद्धा उतरवून घेतली होती.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "घाटावरून येतं काका. श्रीवर्धन पट्ट्यात चांगलं खपतं."

राग आला, पण धास्ती वाटली नाही. घरी बोर्लीला कपाटात भारत सरकारचं कॉपीराइटचं प्रमाणपत्र होतं. माझ्या नावाचं, माझ्या यंत्राच्या पुस्तिकेचं. कायदा आपल्या बाजूनं आहे अशी माझी खात्री होती. ती चुकीची होती. कुठे चुकलो हे समजायला मला जो वेळ आणि पैसा लागला तो तुमचा वाचावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

वीज नव्हती तेव्हा

बोर्ली पंचतनला माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, होडीच्या इंजिनाचे ब्रॅकेट, येईल ते काम करतो. थोरल्या भावाची दिवेआगरला नारळी-पोफळीची वाडी आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. वाडवडिलांनी लावलेल्या पोफळी दुपारच्या दुपारी मोडून पडल्या. भावाच्या घराची कौलं उडाली आणि भाव चढायची वाट पाहत माळ्यावर ठेवलेली, सालीसकट वाळवलेली सुपारी भिजली. ती लगेच सोलून पुन्हा वाळवली नाही तर बुरशी धरणार होती. वीज कित्येक दिवस नव्हती.

वहिनी आणि शेजारच्या दोघी सकाळपासून सुरी घेऊन बसायच्या. नीट वाळलेली सुपारी कानाशी हलवली की आत खुळखुळते, आणि अशी सुपारी चटकन सुटते. भिजलेलीची साल मात्र चिवट होते, सुरी निसटते आणि थेट अंगठ्यात जाते. वहिनी अंगठ्याला चिंधी गुंडाळून सोलत होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, तुमच्या त्या लोखंडातून काहीतरी करा की. वीज लागणार नाही असं."

सुपारी सोलायची यंत्रं आधीपासून आहेत, कर्नाटकात तर बरीच. दातेरी जबडे सालीत शिरतात आणि उघडतात, ही युक्ती माझी नाही. अडचण मापाची होती. झाडावरचं एक फळ मोठं, एक लहान. जबडा मोठ्याला बेताचा बसला तर लहान फळात खोल जातो आणि आतल्या सुपारीला ओरखडा पडतो. ओरखडलेली सुपारी व्यापारी बाजूला काढतो आणि कमी भावानं घेतो. मी दोन जबड्यांच्या मध्ये एक टेकण बसवलं, खाली सायकलच्या सीटची स्प्रिंग. सुपारी ठेवली की ती टेकण दाबते, टेकणाला जोडलेली पट्टी सरकते आणि दात किती आत जायचे ते त्या फळाच्या जाडीवरूनच ठरतं. ही पट्टी माझी. तिच्यासाठी मी तीन आठवडे घालवले.

पहिल्या दिवशी वहिनींनी पॅडलवर पाय ठेवला, साल दोन फाकांत उघडली आणि सुपारी खालच्या परातीत टणकन पडली. त्यांनी ती उचलून उजेडात फिरवून पाहिली. ओरखडा नव्हता.

माझी चूक

पुढच्या हंगामात दहा यंत्रं केली. लोक वापरायचे कसं, स्प्रिंग बदलायची कशी, असं विचारायला लागले, म्हणून २४ पानांची पुस्तिका लिहिली. प्रत्येक भागाचं मापासह चित्र काढलं, टेकण आणि पट्टी कशी चालते ते सविस्तर मांडलं. २०२१ च्या दिवाळीत ती छापली. शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात यंत्र चालवून दाखवलं. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो गावोगावी फिरला आणि मला त्याचा आनंदच झाला.

एका हितचिंतकानं सांगितलं, "तुझ्या यंत्राचं पेटंट का काय ते करून घे." मी चौकशी केली. पेटंट म्हणजे वेळखाऊ, खर्चिक, वकील लागतो, असं कानावर आलं. कॉपीराइटची नोंदणी ५०० रुपयांत ऑनलाइन होत होती. दोन्ही हक्कच आहेत, मग स्वस्त आणि सोपा घेऊ, असा विचार केला. पुस्तिकेची नोंदणी केली, प्रमाणपत्र आलं, कपाटात ठेवलं. तोवर ६३ यंत्रं विकली गेली होती.

दोन्ही हक्कच आहेत, या एका वाक्यात माझी सगळी चूक आली. गावात सातबारा आणि रेशनकार्ड दोन्ही सरकारीच कागद आहेत. पण रेशनकार्ड दाखवून जमीन आपली ठरत नाही.

वकिलांच्या टेबलावर

नारिंगी यंत्र पाहिल्यावर मी मुंबईला एका वकिलांकडे गेलो. बरोबर पुस्तिका, प्रमाणपत्र, बिलबुक, नारिंगी यंत्राचा फोटो आणि त्याबरोबर मिळणारं माहितीपत्रक होतं. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि दोन ढीग केले. एकात माहितीपत्रक, दुसऱ्यात यंत्राचा फोटो.

"या माहितीपत्रकात तुमच्या पुस्तिकेची चार पानं जशीच्या तशी आहेत," त्या म्हणाल्या. "शब्द तुमचे, चित्रं तुमची. इथे कॉपीराइट तुमच्या बाजूनं पूर्ण उभा राहील. पण यंत्र कसं चालतं, यावर कॉपीराइट नसतो. तुम्ही कल्पना ज्या शब्दांत आणि ज्या चित्रांत मांडली ती मांडणी तुमची. कल्पना आणि तिचं काम करणं त्यात येत नाही."

मी त्यांना भोकाचं सांगितलं. चूकसुद्धा उचलली, आणखी काय पुरावा हवा?

"हा नक्कल केल्याचा उत्तम पुरावा आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तकातली छपाईची चूक दुसऱ्याच्या पुस्तकात सापडली की आम्ही तेच दाखवतो. पण जिथे मुळात हक्क नाही तिथे नुसती नक्कल सिद्ध करून उपयोग नाही. आणि पेटंट असतं तर या भोकाची गरजच नव्हती. समोरच्यानं तुमचं यंत्र आयुष्यात पाहिलं नसतं, स्वतःच्या डोक्यानं तेच बनवलं असतं, तरीही त्याला ते विकता आलं नसतं."

हा फरक मला कुणी आधी सांगितला नव्हता. कॉपीराइट नक्कल करण्यापासून वाचवतो. दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तेच लिहिलं तर तो अडवत नाही. पेटंट ती युक्तीच तुमच्या नावे ठेवतं, मग ती दुसऱ्याला कुठूनही सुचलेली असो.

"मग आता पेटंटचा अर्ज करू," मी म्हणालो.

त्यांनी माझी पुस्तिका उघडून छपाईच्या तारखेवर बोट ठेवलं. "पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. अर्जाच्या आधी ती जगात कुठेही छापून आली असेल, तर ती नवी राहत नाही. स्वतः छापली असली तरी."

हळदीला वाचवणारी काठी

परतीच्या एसटीत मला हळदीची गोष्ट आठवली. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरून आणण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या संशोधन संस्थेचे महासंचालक होते. त्या संस्थेनं आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या प्रत्येक घरात आजी बोट कापलं की हळद दाबते. पण तिथे कामी आले ते छापील पुरावे, जुने ग्रंथ आणि वैद्यकीय नियतकालिकात पूर्वीच आलेला निबंध. आधी छापून आलेलं नवं नसतं, या एका नियमानं हळद आपल्याकडे राहिली.

आम्ही सगळ्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. तोच नियम माझ्या यंत्राला लागू झाला, आणि पुरावा माझ्याच हातचा होता.

हा नियम मला सुरुवातीला निष्ठुर वाटला. आता त्यातला न्याय कळतो. पेटंट हा सौदा आहे. तुम्ही तुमची युक्ती समाजापुढे पूर्ण उघडी करायची, बदल्यात सरकार तुम्हाला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं तिची मालकी देणार. मी युक्ती आधीच फुकट वाटून टाकली होती. सौद्यात माझ्या बाजूनं द्यायला काही उरलंच नव्हतं.

कॉपीराइटचं अगदी उलट. तो लिहिल्या क्षणी जन्मतो. त्यासाठी नोंदणीसुद्धा सक्तीची नाही, ती फक्त पुरावा पक्का करते. छापल्यानं तो मरत नाही, उलट जगभर पोचतो. बर्न करारामुळे परदेशातही तो मानला जातो. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. माझी पुस्तिका माझ्या नातवंडांच्या नावे राहील, पुस्तिकेतलं यंत्र मात्र आजच सगळ्यांचं झालं.

यंत्र आणि पान

हा भेद नव्या काळातला नाही. १८७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे चार्ल्स सेल्डन यांच्या हिशेबाच्या पुस्तकाचा खटला गेला होता. त्यांनी जमाखर्चाची नवी पद्धत आणि तिचे तक्ते पुस्तकात दिले होते. दुसऱ्यानं तशीच पद्धत वापरली. न्यायालयानं सांगितलं की पुस्तकावरचा हक्क पद्धतीवर चालत नाही, पद्धतीवर मालकी हवी तर रस्ता पेटंटचा.

आपल्यातलं उदाहरण डॉ. शंकर आबाजी भिसे यांचं. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस लंडनला आणि पुढे न्यूयॉर्कला गेला. छपाईचे टाइप ओतणारं वेगवान यंत्र ही त्यांची मोठी कामगिरी. सुरुवातीच्या दिवसांत दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली. भिसेंनी आपल्या शोधांची पेटंटं घेतली होती. त्यांच्या यंत्राचा विचार केला की मला सगळं एका जागी दिसतं. त्या टाइपांनी जो मजकूर छापला जाईल त्याला कॉपीराइट, आणि ते टाइप ओतणाऱ्या यंत्राला पेटंट. एकाच छापखान्यात दोन हक्क, दोन वेगळे दरवाजे.

भिसेंच्या आयुष्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. पेटंट हाती आलं म्हणजे पैसा आला असं नाही. यंत्र बाजारात उभं करायला भांडवल लागतं, आणि त्यासाठी त्यांना फार झगडावं लागलं.

तुमच्यासाठी

तुम्ही काही नवं केलं असेल, तर पहिला प्रश्न स्वतःला असा विचारा. माझी कमाई शब्दांत, चित्रांत, सुरांत आहे, की वस्तू जे काम करते त्यात आहे?

कथा, नाटक, गाणं, फोटो, पुस्तिका, नकाशा असेल तर कॉपीराइट. संगणकाचा प्रोग्रॅमही कायद्यानं साहित्यातच मोडतो. नुसत्या प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. लिहिलेल्याची तारीख असलेली प्रत जपा आणि शक्य असेल तर नोंदणी करा. हक्क प्रकाशकाला देताना मुदत आणि प्रदेश करारात लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो.

यंत्र, अवजार, त्याची जोडणी, एखादी प्रक्रिया असेल तर पेटंट. पण ते नवं हवं, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारं नको आणि उपयोगी हवं. १९७० च्या पेटंट कायद्यात काही गोष्टींना दारच बंद आहे. शेतीची किंवा बागायतीची पद्धत, परंपरेनं चालत आलेलं ज्ञान, जुन्या वस्तूंची नुसती फेरमांडणी, यांना पेटंट नाही. पोफळीला पाणी देण्याची तुमची पद्धत कितीही चांगली असो, तिला ते मिळणार नाही. पाणी देणाऱ्या नव्या यंत्राला मिळू शकतं.

वस्तूचं फक्त रूप नवं असेल, म्हणजे डोळ्यांना दिसणारा आकार किंवा नक्षी, तर २००० चा डिझाइन कायदा. तिथे १० वर्षं आणि वाढवून आणखी ५ वर्षं मिळतात. हा भाग माझ्यासारख्या वर्कशॉपवाल्यांनी नीट वाचावा. ज्या आकाराची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकत होती आणि केली नाही, त्याच्या ५० पेक्षा जास्त वस्तू कारखान्यात निघाल्या की त्या आकारावरचा कॉपीराइटही संपतो. माझी ६३ निघाली होती. चित्रांवरचा हक्क कुठे संपतो आणि डिझाइन कुठे सुरू होते, यावर मोठ्या कंपन्याही भांडतात. गॅसच्या ट्रेलरच्या रेखाचित्रांवरून असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं त्यासाठी कसोटी घालून दिली.

पिकाचं नवं वाण असेल तर रस्ता आणखी वेगळा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी तांदूळ निवडून काढला. तो सगळीकडे पसरला, पण दादाजींचं आयुष्य ओढाताणीतच गेलं. शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंद करू देणारा कायदा आला २००१ साली. आता तो आहे, तर वापरा. वस्तूची ओळख एखाद्या भागाशी जोडलेली असेल तर भौगोलिक मानांकन. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला ते २०२२ मध्ये मिळालं. ते कुणा एकाचं नसतं, त्या भागातल्या उत्पादकांचं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्रम. यंत्र कुणाला दाखवायच्या आधी अर्ज करा. पूर्ण तयारी नसेल तर तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करता येतो. त्यानं तुमची तारीख पक्की होते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आणि तपासणीचं ४,००० रुपये. वकील किंवा पेटंट एजंट यांची फी वेगळी, ती आधीच विचारून घ्या. तपासणी आपोआप होत नाही, ३१ महिन्यांच्या आत ती मागावी लागते. आपल्या राज्याचं पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. पेटंट मिळाल्यावर ते जागतं ठेवायला ठरावीक शुल्क भरत राहावं लागतं, आणि ते फक्त भारतात चालतं.

अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यानंतरही अर्जाला एक वर्षाची सवड असते. आपल्याकडे ती वाट फार अरुंद आहे. केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध, किंवा चाचणीपुरता गरजेचा उघड वापर, एवढंच, आणि तेही १२ महिन्यांच्या आत. तालुक्याचा मेळावा, यात्रेतला स्टॉल, मोबाइलवरचा व्हिडिओ यात बसत नाही. विक्री तर नाहीच.

अर्जाआधी कुणाला भाग बनवायला द्यायचाच असेल, तर गोपनीयतेचा साधा करार लिहून सही घ्या. रोज काय केलं त्याची वही ठेवा, तारीख घाला. आमच्या दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा मराठी ताम्रपट सापडला. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी महत्त्वाचा मजकूर तांब्यावर कोरला आणि तो कधीचा आहे हे आपल्याला आज सांगता येतं. माझ्या वर्कशॉपच्या वहीत मापं होती, तारखा नव्हत्या.

आणि पैसे नाहीत म्हणून थांबू नका. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची स्वायत्त संस्था गावपातळीवरच्या संशोधकांना पेटंटच्या अर्जासाठी मदत करते. २०२० साली मला हे नाव माहीत असतं तर माझी गोष्ट वेगळी झाली असती. पेटंट मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. टेकणाची पट्टी नवी ठरली असती की नाही, हे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं ठरवलं असतं. पण तो निकाल मागायची संधी मी स्वतः घालवली, हे मला आजही लागतं.

आज

कॉपीराइटनं आपलं काम केलं. वकिलांची नोटीस गेल्यावर ते माहितीपत्रक मागे घेतलं गेलं आणि चार पानांबद्दल लेखी माफी आली. नारिंगी यंत्र मात्र अजून विकलं जातं, आणि तो विकणाऱ्याचा हक्क आहे. मीही हिरवं विकतो. ज्याच्या घरी जाईल तिथे स्प्रिंग बदलून देतो, म्हणून माझं गिऱ्हाईक टिकून आहे.

गेल्या पावसाळ्यात वहिनींनी आणखी एक अडचण सांगितली. तिच्यावर मी काम केलं आहे आणि ते जमलं आहे. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत ते कापडाखाली झाकून ठेवलं आहे. तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज तयार होतो आहे, चित्रं पुरी झाली आहेत. वहिनींनी आणि भावानं ते पाहिलं आहे, आणि अर्जाचा क्रमांक येईपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही असा शब्द दिला आहे.

ते काय आहे, कसं चालतं, हे मी इथे लिहिलेलं नाही. तुमच्या हातातला हा लेखसुद्धा छपाईच आहे.